चेनकव्हरवरचं नाव

— अरे थांब, थांब याकूबभाई, हात उचल आधी! काचपेपर तिकडं ठेव. दांडी घास, मडगाड घास, रिमा घास, म्या काय म्हणलं का तुला? पण चेनकव्हरला हात लावायचा नाय. त्याच्यावर नाव हाय. — वैजनाथनं काय सांगितलं ते मला नको सांगू, मी त्याची माय हाय. त्याला जालना रोडवर हाटेल काढायचंय, दारात बापाची सायकल टांगायचीय, लालभडक करून. कर लाल. नाव सोडून कर. तो आला की माझं मी बघते.

कुणाचं म्हणजे? वैजनाथच्या बापाचं! मला नको वदवू, मी घेत नसती. लग्नात उखाण्यात घेतलं, ते बी आत्याबाईनं चिमटा काढला म्हणून — त्याच्यावर नाय. अन् वाचता तरी कुठं येतं मला? उर्दू हाय ते. निजामाच्या राज्यात शाळाच उर्दू, मग शिकलेला माणूस नाव बी तसंच लिव्हणार ना? पाचोडला व्हतो तवा शिरगणतीचा गुरुजी आला, म्हणे आजी, मालकाचं नाव सांगा. म्या सायकलीकडं बोट केलं — ते काय, लिव्हलंय की! तो येडा नुसता बघतच राहिला, त्याला कुठं उर्दू यायला? ... हस, हस. दर दसऱ्याला मी त्या नावाला हळदकुंकू लावते बाबा. ते व्हते तवर तेच लावायचे. सोताच्या नावाला कुंकू लावणारा माणूस बघितला का कधी? मी तोंडाला पदर लावून हसायची.

काळा रंग व्हय? त्यांनीच दिला. पोलिस ॲक्शन झाली त्या टायमाला. मी नवी नवरी. कुठून तरी सायकल घेऊन आले, गोठ्याचं दार आतून लावलं, अन् बाहेर काढली तर काळी कुळकुळीत. पण नावाच्या भवती कसा जपून ब्रश फिरवलाय बघ, एका अक्षराला डाग नाय. मला म्हणले, हे माझं नाव, ह्याला कुणी हात लावायचा नाय. वर फडकं बांधून ठेवायचे — धूळ बसती म्हणे. — कुठून आणली? आणली असंल कुठून तरी! त्या दिवसात कोण कुणाला इचारतं? निम्म्या घरांना कुलपं, मोकळी गुरं गल्लीतनं हिंडत व्हती. आमच्या ह्यांचे जिवाचे दोस्त, तुमच्यातलेच, दस्तगीर मास्तर — एका ताटात जेवायचे दोघं — ते बी तवाच गेले. हे म्हणले, हैदराबादला गेले, मी सोता पैठणच्या रस्त्याला लावून आलो. मग त्यांची हाजराबी कशाला आली असती इचारायला? कडेवर पोर, दारात उभी. मास्तर दिसले का, सायकलीवर गेले म्हणती. अन् गोठ्यातल्या ह्या सायकलीकडं तिनं बघितलं — लई वेळ बघितलं. मग म्हणली, नाय, हमारी तो हरी थी, बाई — म्हंजी हिरवी. अन् गेली. वाचता मलाच येत नव्हतं, तर तिला कुठलं...

तू का रे असा वाकून बघतोस? — वाचतोय व्हय? येतं तुला? मग आधी बोलायचं की! वाच, मोठ्यानं वाच. मी नाय घेत, तू घे, ह्या कानांना एकदा ऐकू दे.

... काय? परत म्हण.

नीट बघ. जुनी अक्षरं, उडाली असतील. मास्तरांचं नाव आत्ता माझ्या तोंडून ऐकलंस म्हणून तुझ्या तोंडात आलं ते. — सरक. सरक म्हणते! ह्या दांडीवर तू घासलंस तिथं — हे हिरवं काय रे?

पण असं बघ — हडपणारा माणूस पहिलं नाव खोडतो का नाय? ह्यांनी ठेवलं. जपून ठेवलं. मास्तरनीच दिली असंल, परत येईस्तोवर सांभाळ म्हणून. अमानत. व्हय, अमानतच! — मग हाजराबी दारात उभी व्हती तवा... हे घरातच व्हते, याकूबभाई. कणगीच्या मागं उभे. तिचा आवाज ऐकत व्हते. बाहेर नाय आले.

एक काम कर. चष्मा पूस अन् सगळी सायकल बघ. दुसरीकडं कुठं लिव्हलंय का — सदाशिव. — व्हय, घेतलं! सदाशिव! सदाशिव! हाय का कुठं? हँडलखाली, सीटखाली, एखाद्या कोपऱ्यात?

... नाय ना.

डब्याला झाकण लाव. लाल नाय अन् काय नाय. वैजनाथची गाडी वाजली बघ फाटकात — त्याला काय सांगायचं ते मी सांगते. तू जा. ते फडकं दे हिकडं — नको, राहू दे. उघडंच राहू दे ते नाव. जा म्हणते ना!