अंगठा काकांचा, चूक माझी

सगळ्यांना नमस्कार. काकू, काकांचे थोरले भाऊ किसनकाका, शेतकरी मंडळी आणि माझे हमाल भाऊ. मंगरूळपीरच्या बाजार आवारात मी रोज ओरडून बोलतो. आज सुखदेवकाकांच्या शोकसभेत तसं बोलणं जमणार नाही. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

आपल्यातून गेलेले सुखदेवकाका आपल्या हमाल संघटनेचे अध्यक्ष. क्विंटलाची पोती वाहून त्यांची कंबर गेली. आज आपण पन्नास किलोच्या वर पाठीवर घेत नाही. हे कोणी दया करून दिलं नाही. काकांनी सगळ्यांना हात बांधून पोत्यांपुढे बसवलं, तेव्हा मिळालं. आपण बसलो की बाजार बसतो, हे आपल्याला त्यांनी दाखवलं.

पण या ताकदीची त्यांना धास्तीही होती. निवडणुकीत एक उमेदवार आला, संघटनेची सगळी मतं मागायला. काका म्हणाले, "मतं काही पोत्यात भरून ठेवली नाहीत, सायेब. एकएकाले इचारा." आपल्यालाही सांगायचे, काम अडवताना मालाच्या ट्रॉलीवर कोण शेतकरी बसला आहे ते आधी पाहा. तिथं आपलाच भाऊ असतो.

आता जे सांगायचं आहे ते मी सहा वर्षं सांगितलं नाही.

व्यापाऱ्यांनी पुन्हा क्विंटलाची पोती आणली, म्हणून संप ठरला. काकांनी मला नोटीस लिहायला सांगितली. "व्यापाऱ्याची भराई बंद, कास्तकाराची उतराई चालू. दोन्ही लिहिजो." म्हणजे व्यापाऱ्यांचा माल भरायचा नाही, पण शेतकऱ्यांचा माल उतरवून घ्यायचा. मी नववीपर्यंत शिकलेला. चूक होऊ नये म्हणून आधीच्या संपाची जुनी नोटीस समोर ठेवली आणि ओळ न् ओळ उतरवली. तिच्यात फक्त "सर्व काम बंद" होतं. उतराईची ओळ नव्हती. ती मी घातली नाही. विसरलो होतो का? नाही. स्वतःच्या मनानं वाक्य लिहायला भ्यालो. काकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विश्वासानं अंगठा दिला.

नोटीस पाहून बाजार समितीनं आवाराचं फाटकच लावलं. शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या बाहेर अडकल्या. दुपारी पाऊस आला. काका धावत गेले, फाटक उघडायला लावलं, कंबर दुखत असताना स्वतः पोती उतरवली. पण किसनकाकांचं सोयाबीन भिजलं होतं. किसनकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "लीडर झाला अन् घरचेच बुडवले तुनं."

काका मान खाली घालून उभे राहिले. मी शेजारीच होतो. मी बोललो नाही.

नंतर मी म्हटलं, काका, मी सांगतो खरं काय ते. म्हणाले, "कायले? पोरं तुयाकडून अर्ज लिहून घेतात. उद्या भरवसा कोण ठेवीन? अंगठा माया हाय. अंगठा ज्याचा, जबाब त्याचा."

तेव्हापासून दोघे भाऊ बोलले नाहीत. दिवाळीला काकूंनी किसनकाकांकडे पाठवलेला फराळाचा डबा तसाच परत यायचा. काका तो उघडून आम्हाला वाटायचे आणि म्हणायचे, "खा रे, भावाकडचा हाय."

भावांनो, संघटनेत एकाचं ओझं सगळ्यांनी उचलायचं असतं ना? हे ओझं आपण काकांना एकट्याला वाहू दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

किसनकाका, हे मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. काका असताना. हिंमत झाली नाही. तुमच्या भावानं तुम्हाला विसरून संप केला नव्हता. तुमची ओळ त्यांनी सांगितली होती, मी लिहिली नाही. जे बोलायचं असेल ते आता मला बोला. आणि संघटनेला लिहिणारा म्हणून मी नको असेन, तर तेही आजच सांगा. मी ऐकून घेईन.

पण आधी दोन मिनिटं आपण काकांसाठी शांत उभे राहू. किसनकाका, तुम्ही मागे उभे राहू नका. पुढे या, काकूंच्या शेजारी. ती जागा तुमची आहे. आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहतो.