मेमसायबाचं पुट

माझं नाव हुसेनबी, कसबा बावड्याची. तवा म्हाराजांचं राज्य होतं, माझा बाप सरकारी पागंत घोड्यास्नी नाल मारायचा. दादला माझा पिलेगाच्या साथीत गेला, पोटी काय न्हाय, मग बापानंच कुणाला तरी सांगून मला गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर त्यांचं बाळ सांभाळायला लावलं.

मला इंग्रजी कुठलं येतंय, पर एक सबूद आला, पुट. पुट म्हंजे ठेव. बशी हितं पुट, पाणी तितं पुट. त्येला मागनं शेपूट लावलं की काम बदलायचं, पुट ऑन म्हंजे बाळाला कापडं घाल, पुट औट म्हंजे दिवा मालव. मेमसायब बोलायची, बोट दाखवायची, मी करायचो. समदं करायचो, पर एक पुट मला जमलं न्हाय बगा.

जॉनीबाबा रडाय लागला की मी उचलायचो, आन बाई वरडायची, पुट हिम डाऊन. खाली ठेव, पाळण्यात ठेव, दार वडून घे, रडून रडून आपलंच निजंल. त्यांच्यात तशीच रीत. आता काय सांगू तुमास्नी, रडतं पोर खाली ठेवाय माझं हातच हुईनात. मी आपला खांद्यावर घिऊन येरझाऱ्या घालायचो. एक दिस बाई लई भडकली, खानसाम्याकडनं सांगितलं, ऐकायचं नसंल तर उद्यापासनं येऊ नगंस. मी म्हटलं नगं तर नगं, पर मी हाय तवर ठेवणार न्हाय. मला काय कमी राग हाय व्हय? पर पोर दुसऱ्या कुणाकडं ऱ्हाईना, मग मलाच ठेवून घेतलं की.

पुढं पोर शाळंच्या वयाचं झालं तसं विलायतंला धाडलं. त्यांच्यात हीबी रीत. बाईच सोडून आली. आली ती मला त्येच्या खोलीत न्हेलं आन म्हनली, पुट अवे. त्येची बारकी बारकी कापडं पेटीत भरून टाक. मी घड्या घालाय लागलो. एक झबलं तिच्या हातात ऱ्हायलं, मी हात म्होरं केला, तिनं दिलं न्हाय. ते छातीशी धरून फरशीवरच बसली, आन रडाय लागली. लई वाईट वाटलं मला. मीबी बसलो, तिच्या पाठीवर हात ठेवला. नोकरानं असं करायचं नसतं, पर केलं. पेटी तशीच उघडी ऱ्हायली.

आता भावाच्या घरात हाय, भाचसुनेचं बारकं रडलं की मीच उचलतो. भाचसून म्हनती, आत्या, ठेवा की त्येला खाली, सवय लागंल. मी म्हनतो, लागू दे. जॉनीबाबा आता बाप्या झाला आसंल. कुठंबी आसंना, अल्ला त्येला सुखात ठेवू दे. आन त्या बाईलाबी.