चौदा नंबरच्या फोटोखालचा पुठ्ठा

माझे नाव विरूपाक्ष राजशेखर हिरेमठ, वय ५६, धंदा पेठांच्या इतिहासाची प्रदर्शने मांडणे (हवालदारसाहेबांनी प्रथम 'मंडप डेकोरेशन' लिहिले होते, ते माझ्या विनंतीवरून खोडले), राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर.

समक्ष हजर राहून सांगतो की, आमच्या तालमीच्या सभागृहात शुक्रवारपासून 'पेठेचं पाणी' हे प्रदर्शन मी मांडले आहे. रविवारी संध्याकाळी सात वाजता बंद करताना चौदा नंबरच्या फोटोखालचा माहितीचा पुठ्ठा, नऊ इंच बाय सहा इंच, जागेवर नव्हता. चोराने चारही टाचण्या खिडकीत ओळीने ठेवल्या होत्या. इतक्या टापटिपीच्या माणसाविरुद्ध तक्रार देताना संकोच होतो, तरी देत आहे. हवालदार म्हणाले, "पुठ्ठ्यापायी जबाब? दुसरा लिवा की सर." दुसरा लिहिता येईल. पहिला कोणाकडे आहे, हा प्रश्न आहे.

फोटो पेठेतील एका विहिरीचा आहे. काठावर फेटा बांधलेले मालक उभे आहेत. पुठ्ठ्यावर एका बौद्ध आजींची आठवण होती. विहीर त्यांच्या वडिलांनी आणि भावकीने खणली. पाणी लागले त्या दिवशी गूळ वाटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनाच काठावर बंदी. बंदी घालणारे फेटेवाले मालक. खाली माझ्या शिरस्त्याप्रमाणे सांगणाऱ्याचे नाव, वय, गल्ली आणि घर नंबर. पत्त्याशिवाय आठवण म्हणजे गावगप्पा, असे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो.

रविवारी पाचच्या सुमारास मालकांचे नातू अमरसिंह आले. पुठ्ठा दोनदा वाचून मला म्हणाले, "सर, आमच्याच खोलीत ऱ्हाऊन आमच्याच आज्याची अब्रू काढती व्हय ही म्हातारी?" आजी त्यांच्या घराण्याच्या खोलीत भाड्याने राहतात, हे मला माहीत होते. मी म्हणालो, "इतिहास अब्रू बघत नाही, पुरावा बघतो." ते म्हणाले, "मग पुरावा मी पण बगतो की." माझे ते उत्तर देताना मला स्वतःचे कौतुक वाटले होते, हेही नोंदवावे.

सोमवारी आणि आज आजींच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. आजींचा नातू कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याचा फोन बंद. शेजारच्या नीलम्मा म्हणाल्या, "रविवारी दिवेलागणीला तिघं आलते. म्हातारी पिशवी घिऊन उभ्याउभ्या गेली. कुटं ते मला बी सांगितलं न्हाय."

आजींचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्या म्हणतात, "गोष्ट लिवा, खरी हाय. नाव तेवढं घालू नगा सर. त्येंच्याच खोलीत ऱ्हातोय आमी." मी "बरं" म्हणालो आहे. तेही ऐकू येते.

जबाब मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे, मजकूर मी सांगितला तसाच आहे. आजींचे नाव आणि पत्ता हवालदारांना तोंडी सांगितला आहे. तो या कागदावर लिहू नये. पुठ्ठ्याची तक्रार मागे घेतो. त्या जिथे असतील तिथे सुखरूप आहेत का, एवढे आजच कोणी तरी बघून यावे. त्यांनी नको म्हटले होते. नाव मी लिहिले.