खेळातलं प्रेशर

पंच्याऐंशी सालची गोष्ट. घोटावड्याच्या दवाखान्यात सुरैया नंबर लावून बसली होती, पण समोरच्या बाकावर किराणा दुकानवाली बीबीजान आणि मेंढरंवाली बानूबाई बोलायला लागल्या, आणि आपला नंबर जरा उशिराच यावा असं तिला वाटू लागलं.

“आमच्या हाफीजनं दुबईवरनं टीव्हीला जोडून इमानं पाडायचा व्हिडिओ गेम आणलाय ना, बानूबाई, त्याचे अब्बा खेळले आन् प्रेशर एकशेऐंशीवर गेलं. डॉक्टरांनी खेळ बंद केलाय.”

“आमचं म्हातारं बी परवा तुमच्याकडं खेळलं की. एक इमान सुटू दिलं न्हाई.”

“व्हय, बाजीबाबांनी लई इमानं पाडली. त्यांचं न्हाई वाढलं?”

“तितनं थेट हितं आणून मोजलं. एकशेवीस. डॉक्टरांना पटंना. पट्टा सोताच्या दंडाला गुंडाळून बघितला, मशीन बिघडलंय का म्हणून.”

“एवढं थंड काळीज?”

“चाळीस वर्सं रानात लांडग्यावर नजर ठेवलीया त्यानं. टीव्हीतल्या इमानाला भितंय व्हय?”

“मग आज कुणाला दाखवायला आलाय?”

“माझंच वाढलंय. ते खेळत व्हतं, आन् मी मागं हुबी राहून बघत व्हते.”

“मग तुमी बघू नका.”

बानूबाईनं पदर सारखा केला.

“असं कसं? शुक्रवारी ते पुन्हा खेळणार हाय. म्हणून तर आधी गोळी न्यायला आले.”