मोहरीएवढे मणी

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर एक म्हातारे ड्रायव्हरकाका बायकोची वाट बघत बसले होते. शेजारी एक दादा होता. त्याची धाकटी बहीण धुळीनं माखलेल्या बुटांनिशी नुकतीच येऊन टेकली होती. काकांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“आई आत, आणि तू दगड फोडत बसलीस?”

“अरे दादा, डोंगरात रेंज नसते. निरोप मिळाला तशी निघाले.”

“एवढं काय घबाड सापडलं तिथं?”

“मणी. मोहरीएवढे, खडकाच्या एका थरात. सव्वातीनशे कोटी वर्षांपूर्वी अवाढव्य लघुग्रह आदळला. खडकाची वाफ झाली, ती आभाळात थिजली आणि थेंबाथेंबानं समुद्रात पडली.”

“मग खड्डा कुठाय?”

“खड्डा उरला नाही. तेव्हाची जमीनच फारशी उरलेली नाही.”

“म्हणजे खड्डा नाही, लघुग्रह नाही, नुसत्या मण्यांवर विश्वास ठेवायचा!”

“त्यांत लघुग्रहांत सापडणारा इरिडियम धातू असतो रे. आपल्या साध्या खडकांत एवढा नसतो.”

“कपाळ माझं! औषधांना मी पळतोय, रात्रभर या बाकावर मी बसलोय. इतकी वर्षं थांबलेले मणी आणखी आठवडाभर थांबले नसते?”

“चुकलंच माझं.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“आजी शुद्धीवर आल्यात. हे त्यांच्या पित्ताशयातले खडे.”

दादानं हात पुढे केला.

“तुम्हाला नाही. तुम्ही फेकून द्याल म्हणाल्या. मुलीकडेच द्या, तिला त्यातलं कळतं.”

दादा काकांकडे वळला.

“बघितलंत काका? बघितलंत ना?”