उतारावर एका वेळी एकच

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या हॉस्पिटलात मराठी कानावर पडलं, तसं विनीताने हातातलं मासिक मिटलं. समोर एक बाई नवऱ्याच्या मित्राला विचारत होती.

"ह्यांची ती बर्फावरची गाडी, स्नोमोबाइल, वर उतारावर अडकली, तर तुम्ही मदतीला का नाही गेलात?"

"उतारावर एका वेळी एकानंच जायचं, वहिनी. दुसऱ्यानं खाली सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची."

"आणि बर्फाचा कडा कोसळला."

"हो. तो त्याखाली गाडला गेला. पण दोघांच्याही अंगावर बीकन होते, बर्फाखालूनही सिग्नल देणारे. माझ्या बीकनचा आवाज वाढत गेला तिथं फावड्यानं खणलं. दहा मिनिटांत तोंड दिसलं. पाय मात्र मोडला होता."

"तुम्हीही वर असतात तर?"

"मग खणायला कोणी उरलं नसतं."

"शुद्धीवर आल्यावर काय म्हणाले?"

"'कांचनला सांगू नकोस.' म्हणजे तुम्हाला, वहिनी."

"पाय बरा होऊ दे त्यांचा. तोवर तो बीकन वापरायला मला शिकवा, भावजी. पुढच्या वेळी मीही येणार."