नानांचा कांटा चार बोटं सरकला

...आणि वर मलाच विचारतात, मीना, एवढीशी पोर भरवायला दीड तास लागतो का गं? लागतो. तुमच्याकडे नसेल लागत, आमच्याकडे लागतो, आणि दीड तास म्हणजे चांगला दिवस म्हणायचा, कारण आमची गौरी, पावणेदोन वर्षांची, तोंड असं मिटते ना की सुताराला बोलवावं, आणि त्यात अंगणवाडीच्या ताईनं वजन घेतलं तर दोन महिन्यांपूर्वी होतं तेच, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. ताईनं वहीत आकडा लिहिला. आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं घेऊनच मी घरी आले आणि त्या बघण्यापायीच पुढचं सगळं झालं. पाप माझंच, मी कुठं नाही म्हणते.

काय केलं? तर सासऱ्यांची आगगाडी चालवली.

थांबा, हसू नका, आधी ऐका. आमचे सासरे, नाना, रेल्वेत ड्रायव्हर होते, छत्तीस वर्षं. रिटायर झाले तरी डोक्यात गाडी चालूच, म्हणून मानसी वन्सं, त्या इंदूरला असतात, त्यांनी नानांना खेळण्यातली गाडी आणून दिली, विजेवरची, तळहातावर मावेल असं इंजिन, तीन उघडे डबे आणि खोकंभर रुळाचे तुकडे. नातीला नाही हं. नानांना. आणि नानांनी काय केलं, माधव नगरातल्या आमच्या दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत दिवाणावर प्लाय टाकला आणि प्लॅन काढायला बसले. दीड वर्ष. कागदावर. पट्टी, पेन्सिल, रबर. इकडे उज्जैन, मग माधव नगर, मग भैरवगढ आणि शेवटचं स्टेशन राम घाट. मी म्हटलं, नाना, राम घाटावर कुठं गाडी जाते? तर म्हणाले, “बेटा, सरकारची नाही जात. माझी जाईल.” मग बारीक चुकांनी, खिळ्यांनी हो, रूळ ठोकले, आणि गाडी काय, फक्त दोन फूट चालवून बघितली. प्लॅन पक्का झाल्याशिवाय गाडी नाही. पाहुणे आले तर ते खाली सतरंजीवर, कारण दिवाणावर राम घाट.

मग त्यांचा मोतीबिंदू काढायचं ठरलं, इंदूरला, वन्संकडे राहून, तीन आठवडे. चप्पल घालता घालता मला म्हणाले, “मीना बेटा, गाडीला हात लावायचा नाही. धूळसुद्धा पुसायची नाही. आलो की सगळं गोंदानं पक्कं करणार.” मी म्हटलं हो नाना. पदर नीट करून म्हटलं. आणि त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळलीसुद्धा नसेल...

नाही, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी. गौरी वरण-भाताला हात लावेना, आणि सारखी दिवाणाकडे बोट, नानाची गाडी, नानाची गाडी. मी म्हटलं, एक फेरी. एकच. सुपारीएवढा घास डब्यात ठेवला, बटण फिरवलं, गाडी गेली माधव नगरला, थांबली, आणि तुम्हाला सांगते, त्या पोरीनं आपण होऊन तोंड उघडलं. आ. दोन महिने ज्या तोंडासाठी मी मांजर दाखवलं, विमान दाखवलं, शेजारच्यांची बकरी आणली, ते तोंड गाडी थांबली म्हणून उघडलं. मग मी थांबणार होते का? तुम्ही थांबला असता?

पण काय होतं, गौरीला एका डब्यात भागत नाही. एकात वरण-भात, एकात दही-पोळीचा काला, आणि शेवटच्यात दोन शेवेच्या काड्या, लाच म्हणून. म्हणजे तीन डबे. आणि राम घाटाला गाडी पोचली की ती परत आणायची तर इंजिन सुटतं, बाजूच्या रुळावरून मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. जिथं रूळ फुटून एकाचे दोन होतात त्या जागेला नाना कांटा म्हणतात. तर मागचा डबा बरोबर त्या कांट्यावरच उभा राहायचा. इंजिन येणार कुठून? अडकलं. गाडी अडकली की गौरीचं तोंड बंद. मी दोन दिवस डबा हातानं उचलून बाजूला करत होते, तर ती रडायची, तिला ते खोटं वाटायचं. मग मी विचार केला, कांटाच जर चार बोटं मागे घेतला तर? चारच बोटं. कुणाला दिसतंय. खलबत्त्यातला बत्ता आणला, चुका उपटल्या, रूळ सरकवले, चुका ठोकल्या. पाप माझंच, पण इंजिन असं सुळ्ळकन मागून आलं ना, मला वाटलं मीच रेल्वेत आहे.

तर दुसऱ्या दिवशी दुसरंच. कांटा मागे गेला म्हणून भैरवगढचं वळण आवळलं, आणि डबा पडला. भात भैरवगढात, दही माधव नगरात. पुसलं. मग वळण सैल करायला भैरवगढच प्लायच्या कडेला नेलं. तेही जमलं, तर आता माधव नगरची बाजूची लाइन उलटी. जाताना तिच्यात दह्याचा डबा ढकलताच येईना, येतानाच शिरायचा, म्हणजे दही यायचं परतीच्या गाडीनं, आणि तोवर गौरी पेंगलेली. तीही फिरवली. रोज जेवायला बसायचं, रोज काहीतरी अडायचं, रोज भांडी घासून झाली की मी बत्ता घेऊन प्लायवर. आमचे हे, म्हणजे श्रेयस, दुकानातून आल्यावर म्हणायचे, गौरी गालांनी भरली की काय? मी म्हणायची, हवा बदलली.

मी सगळं होतं तसं परत लावणार होते, शपथ. पण लावणार कसं? प्लॅनचा कागद नानांच्या कपाटात, चावी नानांच्या जानव्याला, जानवं इंदूरला.

नाना आले. काळा चष्मा, डोळ्यात थेंब, आठ दिवस दिवाणाकडे बघितलंच नाही त्यांनी. नवव्या दिवशी चष्मा काढला, कागद काढला, पट्टी घेतली आणि मोजायला लागले. मी स्वयंपाकघरात कणीक मळतेय. मोजलं. परत मोजलं. कणकेत पाणी जास्त झालं. मग हाक आली.

“मीना बेटा, कांटा सात सेंटीमीटर सरकलेला आहे.”

मला आधी जरा बरंच वाटलं हो, मी तर चार बोटं सरकवला होता, म्हटलं हा दुसराच कुठला असेल. मग कळलं तेच ते. मी तोंड उघडलं, सांगणारच होते, खरंच सांगणार होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, स्वतःच्या हाताकडे बघत होते, आणि म्हणाले, “माझ्याच हातानं लावला मी हा. भैरवगढ, माधव नगर, सगळंच चुकलंय. सरळ दिसत होतं मला.”

बोला आता. त्यांना वाटलं मोतीबिंदूपायी त्यांनीच वाकडं ठोकलं. आणि मी काय केलं? मी तोंड मिटलं. गौरी माझीच मुलगी.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, असू दे, रुळाचे तुकडे तर आहेत. पण त्या दिवशी संध्याकाळी नानांनी स्कूटरची चावी यांच्या हातात दिली. “ठेव तुझ्याकडे. मी नाही चालवणार आता.” भाजीला जायचे ते बंद. पेपर घडी करून तसाच. आणि भय्यासाहेब आले, नानांच्या गाडीवर गार्ड असायचे ते, दर बुधवारी चहाला येतात, तर नाना त्यांना हळूच म्हणतात, “भय्यासाहेब, शेवटची दोन-तीन वर्षं मी कशी चालवली असेल रे गाडी?”

“अरे यार, मला काय माहीत, मी मागच्या डब्यात होतो. पोचलो ना रोज?”

“मागे हजार-बाराशे माणसं बसायची.”

“तर? डोळे तपासायचे ना आपले. पास होत होतास तू.”

“तो तक्ता पाठ होऊन जातो रे,” नाना म्हणाले. “मला आत्ताही पाठ आहे.”

भय्यासाहेबांनी बिस्किट बुडवलं ते कपातच राहिलं. मी दाराआड ट्रे घेऊन उभी. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते, नाना, तुमचे डोळे चांगले होते, हात माझा होता. किती शब्द झाले? सात-आठ. मी सातवीपर्यंत शिकलेय, एवढे येतात मला. नाही गेले. पाप माझंच, आणि हे मोठं, बत्त्याचं तर काहीच नाही. मला काय वाटायचं, की हे म्हणतील, अडाणी पोर सून करून आणली, बाबांच्या दीड वर्षावर वरण सांडलं. म्हणून एका म्हाताऱ्या माणसाला आंधळा होऊ दिलं मी, चार दिवस.

पाचव्या दिवशी नाना खोकं घेऊन बसले. सगळं उखडून वन्संकडे परत पाठवायचं. एकेक चूक पकडीनं काढतायत, राम घाट निघाला, मी पोळ्या लाटतेय आणि पोळी नकाशासारखी, आणि गौरी त्यांच्या शेजारी फतकल मारून. नानांनी डबा उचलला खोक्यात टाकायला.

गौरीनं तोंड उघडलं. आ.

नानांनी डबा खाली ठेवला. तोंड मिटलं. परत उचलला. आ. नाना डब्याकडे बघतायत, पोरीकडे बघतायत. दुसरा डबा उचलला. आ. “मीना,” म्हणाले, “ही काय करतेय?”

मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं की मी आपण होऊन कबूल केलं. नाही. पावणेदोन वर्षांच्या पोरीनं जबानी दिली, तेव्हा कुठं मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले आणि एका दमात सगळं बाहेर पडलं, अंगणवाडी, ताईचं बघणं, वरण, बत्ता, भैरवगढ, आणि नाना तुम्ही सरळच लावलं होतं, अगदी सरळ, कागदावर होतं तस्सं, चुका मी उपटल्या, डोळे तुमचे चांगले होते, माफ करा, आणि मग रडायलाच लागले, मग गौरीही, कारण तिचं तोंड केव्हाचं उघडंच होतं.

नानांनी डबा प्लायवर ठेवला. मला वाटलं आता यांना फोन लावतात. तर विचारलं काय? “कांटा का सरकवलास?”

“इंजिन अडायचं, नाना. तीन डबे होते.”

“प्लॅन दोन डब्यांचा आहे.”

“पण पोरगी तीन डब्यांची आहे.”

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. नानांनी पकड ठेवली, कागदाप्रमाणे राम घाट परत लावला, तिन्ही डबे जोडले आणि गाडी सोडली. अडली. मग कांटा चार बोटं मागे. सुटली. परत कागदाप्रमाणे, परत अडली. असं चार वेळा. माझ्या पोळ्या तव्यावर कोळसा. मग त्यांनी रबर घेतलं आणि कागदावर दीड वर्षाचं खोडायला लागले, आणि खोडता खोडता म्हणाले, “श्रेयस आला की माझी चावी माग त्याच्याकडून.” बस. एवढंच. भाजी त्या दिवशी त्यांनीच आणली, दोन किलो गिलकी, कुणी सांगितलीच नव्हती.

आता तुम्हाला वाटेल संपलं, सुटली बाई. कशाची सुटतेय. नानांनी नवा प्लॅन केला, माझ्या खुणांवरून, आणि रोज सव्वाबाराला गाडी सुटते, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून चालवतात. तीन डबे, चार स्टेशनं, पाच फेऱ्या. आणि गौरी? गौरीला गेल्या आठवड्यापासून गाडी नको. आपल्या हातानं ताटात जेवते, माझ्यासोबत, साडेअकराला, पोट भरून. देवानं ऐकलं, पण वेळ चुकवली. परवा गाडी आली, तिनं मान फिरवली, तर नानांचा चेहरा असा पडला, आणि पट्टी घेऊन कांटा मोजायला बसले. “माझंच काहीतरी चुकलंय बेटा, नीट दिसलं नसेल.”

मग काय करणार? आता ते वाकून इंजिन जोडतात ना, तेवढ्या वेळात डब्यातला घास मीच खाते. पंधराच्या पंधरा. काल पाचवी फेरी झाली, नाना चष्मा पुसत म्हणाले, “प्लॅन आता बरोबर बसला, मीना. एक घास शिल्लक राहत नाही बघ. बसला ना?”

खरं सांगायचं मनात होतं हो, अगदी ओठांवर होतं. पण ओठांच्या आत दही-पोळी होती, म्हणून नुसती मान हलवली.